पार्सलला घाबरता, मग रांगेला का नाही?



एप्रिल 2021 मध्ये एका रात्री साडेनऊला एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. काकूंचं वय 66, काकांचं 71. दोघंही पॉझिटिव्ह. तपासून, रक्त पाहून मीच त्यांना घरी ठेवलेलं. मुलगा पुण्यात अडकलेला. स्क्रीनवर नाव दिसलं तेव्हा पोटात गोळा आला, वाटलं काकांचा ऑक्सिजन उतरला असेल. पण काकूंचा प्रश्न वेगळाच होता.

"डॉक्टरसाहेब, मेसवाल्या बाईचा डबा बंद केला गल्लीतल्या लोकांनी. बाहेरचं जेवण आलं की रोग पसरते म्हणतात. माझ्या अंगात ताप हाये, पोळ्या लाटल्या जात नाईत. दोन दिवस झाले, दूध-बिस्किटावर काढले. तुम्ही सांगता काय त्यांना?"

मी त्या गल्लीतल्या एका जाणत्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग व्हॉट्सॲपवर आलेला एक लांबलचक संदेश मला वाचून दाखवला. पार्सलच्या डब्यावर विषाणू तीन दिवस जिवंत राहतो, म्हणून बाहेरचं अन्न म्हणजे विष, असा त्याचा एकूण सूर. खाली कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरचं नाव. मी म्हटलं, "भाऊ, हे सगळं ठीक, पण आज सकाळी नऊला तुम्ही कुठं होता?" ते गप्प झाले. कारण मी त्यांना किराणा दुकानासमोर पाहिलं होतं. मास्क हनुवटीवर, आजूबाजूला तीस-चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून, आणि हे पुढच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन पोह्यांचा भाव विचारत होते.

आजचा लेख या गृहस्थांवर रागवून लिहितो आहे हे आधीच सांगतो. ते माणूस म्हणून चांगले आहेत. पण त्यांच्यासारखा विचार करणारी माणसं मला तेव्हा रोज दवाखान्यात भेटायची, आणि एप्रिल 2021 चा महिना वाशीम जिल्ह्यानं जसा काढला तो पाहता, गोड बोलून सांगायची वेळ गेली होती असं मला वाटतं.

आधी माझी चूक

मार्च-एप्रिल 2020 मध्ये मीही पेशंटना सांगत होतो की, बाहेरून आलेली पिशवी काही तास अंगणात ठेवा, दुधाची पिशवी साबणानं धुवा, पेपर बंद करा. आमच्या घरीही भाजी दारातल्या टोपलीत पडून सुकायची आणि त्यावरून सौ.ची बोलणी मी खायचो. तेव्हा आजार नवा होता. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात हा विषाणू प्लास्टिकवर 72 तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत टिकलेला आढळला. तो 'तीन दिवसां'चा आकडा तिथून आला आणि फिरत राहिला.

आकडा खोटा नाही, पण तो अर्धवट आहे. प्रयोगशाळेत भरपूर विषाणू मुद्दाम त्या पृष्ठभागावर टाकला होता, तोही बंद खोलीत, ठरावीक तापमानाला. आणि त्याच प्रयोगात विषाणूचं प्रमाण तासातासाला घटत गेलं होतं. शेवटी उरला तो चिमूटभर अंश. इमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं जुलै 2020 मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात लिहून दाखवलं की, एखादा आजारी माणूस खोकला म्हणून वस्तूवर जेवढा विषाणू पडेल, त्याच्या कितीतरी पट जास्त या प्रयोगांमध्ये वापरला होता. 5 एप्रिल 2021 ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, हिशोब मांडला. विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागला तर त्यातून आजार होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. इथं पृष्ठभागाला विषाणू लागलेला आहे हे धरूनच चाललं आहे. तुमच्या पार्सलला तो लागलेला असेलच असं नाही.

नवी माहिती आली तेव्हा मी सल्ला बदलला. डॉक्टरनं सल्ला बदलला की लोकांना तो लबाड वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण व्हॉट्सॲपवरचा संदेश एप्रिल 2021 पर्यंत एका अक्षरानं बदलला नव्हता आणि लोकांचा विश्वास त्याच्यावर जास्त होता. याला काय म्हणायचं?

अन्नात तो वाढत नाही

हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल.

दुधाला विरजण लावलं की सकाळपर्यंत दही होतं, कारण विरजणात जिवाणू असतात आणि दुधात त्यांना खायला मिळतं. ते रात्रभर वाढतात. शिळ्या भातात पोट बिघडवणारे जिवाणूही असेच वाढतात. विषाणूचं तसं नसतं. त्याला वाढायला जिवंत पेशी लागते, तुमच्या-माझ्या घशातली, फुप्फुसातली. वरणात, भातात, पोळीत तो वाढूच शकत नाही. समजा पडला, तरी कमी कमीच होत जातो. शिवाय त्याच्याभोवती चरबीचं आवरण आहे. साबण लागला की ते फाटतं आणि चांगल्या आचेपुढे तो टिकत नाही. उकळत्या वरणातून, तव्यावरच्या पोळीतून तो तुमच्या घरी येईल ही भीती मनातून काढून टाका.

अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन व कृषी खातं यांनी 18 फेब्रुवारी 2021 ला एकत्रित निवेदन काढून सांगितलं की, अन्नातून किंवा त्याच्या वेष्टनातून कोरोना पसरतो याचा विश्वासार्ह पुरावा नाही. आपल्याकडची अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था, एफएसएसएआय, तीही अन्नाला या आजाराचा मार्ग मानत नाही. आणि आपल्या राज्य सरकारनं काय केलं ते पाहा. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी 2020 च्या लॉकडाउनमध्ये पाच रुपयांवर आणली आणि एप्रिल 2021 च्या मध्यापासून महिनाभरासाठी मोफत केली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ती तेव्हा पार्सल म्हणून हातात मिळायची. पार्सलनं रोग पसरत असता, तर निर्बंध लावणाऱ्या सरकारनंच ते गरिबांच्या हातात का दिलं असतं?

यावर एकानं मला चीनचं उदाहरण दिलं. माणूस वाचणारा होता, त्यामुळे बरं वाटलं. ऑक्टोबर 2020 मध्ये चीनमधल्या चिंगदाओ बंदरात गोठवलेल्या माशांच्या खोक्यावर जिवंत विषाणू सापडला होता, ही बातमी खरी आहे. पण ते खोकं शून्याच्या कितीतरी खाली गोठवलेलं होतं. बर्फात विषाणू टिकतो; प्रयोगशाळेत त्याला जपूनही असंच ठेवतात. आपल्या वाशीमला एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीच्या पुढे जातो. हॉटेलच्या पोरानं मोटारसायकलच्या हँडलला अडकवून आणलेल्या गरम शेवभाजीची तुलना तुम्ही गोठवलेल्या माशाशी करता?

'अमक्या पाकिटावर कोरोना सापडला' अशा बातम्यांतही बहुतेक वेळा आरटीपीसीआर चाचणीनं विषाणूच्या जनुकाचे तुकडे सापडलेले असतात. सापाची कात सापडली म्हणजे साप तिथंच बसलाय असं होत नाही.

मग येतो कुठून?

हवेतून, माणसाच्या तोंडातून, माणसाच्या जवळ बसल्यातून.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एका हॉटेलातलंच आहे, म्हणून ते थोडं सविस्तर सांगतो. 24 जानेवारी 2020. चीनमधलं ग्वांगझू शहर, चिनी नववर्षाच्या आदला दिवस. वुहानहून आलेलं एक कुटुंब दुपारी हॉटेलात जेवायला बसलं. शेजारच्या दोन टेबलांवर आणखी दोन कुटुंबं. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, बोलणं नाही. खोलीत खिडक्या नव्हत्या, एसी चालू होता आणि त्याची हवा या तीन टेबलांवरून फिरत होती. ही कुटुंबं तासभर एकमेकांच्या आसपास होती. पुढच्या काही दिवसांत या तीन टेबलांवरचे मिळून 10 जण पॉझिटिव्ह आले. त्याच मजल्यावर जेवणाऱ्या बाकीच्या 73 जणांपैकी कुणी आजारी पडलं नाही. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथले 8 कर्मचारीही आजारी पडले नाहीत. ते येऊन-जाऊन होते. कोण आजारी पडलं? एका जागी, त्याच हवेत, मास्क काढून तासभर बसलेले.

अमेरिकेत सीडीसीनं सप्टेंबर 2020 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. पॉझिटिव्ह आलेल्या लोकांमध्ये, त्याआधीच्या दोन आठवड्यांत हॉटेलात बसून जेवल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण निगेटिव्ह आलेल्यांच्या जवळपास दुप्पट होतं. बसून जेवल्याचं, बरं का.

लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत फेब्रुवारी 2021 मध्ये 229 विद्यार्थी पॉझिटिव्ह आले. देशभरातल्या वाहिन्यांनी वाशीमचं नाव तेव्हा पहिल्यांदा घेतलं असेल. पोरं एका छताखाली राहत होती, झोपत होती, जेवत होती. माझ्या मते एवढा आकडा व्हायला तेवढं पुरेसं आहे. तिथं कुणी ताटं सॅनिटायझरनं पुसली असती तरी फार फरक पडला नसता. खिडक्या उघड्या आणि खाटा लांब ठेवल्या असत्या तर पडला असता.

आता आपल्या गावाकडे या. एप्रिल 2021 मध्ये हॉटेलात बसून खायला बंदी होती, घरपोच सेवेला परवानगी होती. हा नियम शास्त्राला धरून होता. पण आपण काय करत होतो? पुढे 'फक्त पार्सल' अशी पाटी आणि मागच्या खोलीत शटर खाली ओढून सहा-सात जण मिसळीवर. रस्त्यावरच्या ढाब्यांमागे हिरवी नेट लावून चटया. लग्नाला 25 माणसं आणि दोन तास अशी मर्यादा एप्रिल 2021 मध्ये आली, तर हॉलमध्ये 25 आणि शेतात दोनशेची पंगत. दवाखान्यात विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाई डॉक्टरसाहेब, आम्ही बाहेरचं कायीच खात नाई." लग्नात? "ते काय बाहेरचं हाये? आपल्याच माणसाचं लग्न!"

विषाणूला आपलं-परकं कळत नाही. आपल्या माणसाजवळ आपण मास्क काढतो, उलट हेच त्याच्या पथ्यावर पडतं.

आणि प्रशासनालाही एक सांगायचं होतं. किराणा-भाजीची दुकानं सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी ठेवल्यानं दिवसभराची गर्दी चार तासांत कोंबली गेली. हेतू चांगला असेल. पण पाटणी चौकात दहा वाजता उभं राहून पाहिलं असतं तर कळलं असतं, साखळी तुटत होती की विणली जात होती. घरपोच सेवेला रात्री आठपर्यंत मुभा होती, मग तीच वाढवायची ना. दुकानदारांकडून फोनवर यादी घ्यायची, पोरांना पास द्यायचे. एक पोरगा तीस घरांचं सामान नेतो तेव्हा तीस माणसं रांगेतून कमी होतात. पार्सलचा खरा फायदा हा आहे आणि त्यालाच आपण रोगाचं कारण ठरवून बसलो.

त्या पोराचं काय?

एप्रिल 2020 मध्ये दक्षिण दिल्लीत पिझ्झा पोचवणारा एक तरुण पॉझिटिव्ह आला. 72 कुटुंबांना घरात बंद केलं गेलं आणि देशभर बातमी गाजली. तेव्हापासून पार्सल आणणारा पोरगा म्हणजे रोग आणणारा, अशी एक पक्की समजूत झाली. त्याच्या सहकाऱ्यांच्या चाचण्या पुढे निगेटिव्ह आल्या, ती बातमी किती जणांनी वाचली?

जरा उलट बाजूनं पाहा. तो तुमच्या दारात अर्धा मिनिट उभा राहायचा, उघड्यावर, तोंडाला मास्क. तुम्ही दार उघडायचात तेव्हा तुमच्या तोंडाला मास्क नसायचा, कारण तुम्ही 'घरात' असायचात. घरात कुणी खोकत असायचं. असे तो दिवसाला पंचवीस-तीस दरवाजे करायचा. तुम्हाला त्याच्यापासून जेवढा धोका, त्याच्या कितीतरी पट त्याला तुमच्यापासून. त्याचं वय वीस-बावीस. एप्रिल 2021 मध्ये 45 च्या खालच्यांना लस नव्हती; 1 मे 2021 पासून 18 वर्षांवरच्यांना मिळणार असं तेव्हा जाहीर झालं होतं. आणि आपण काय करत होतो, तर फवाऱ्यानं त्याच्या अंगावर, हातातल्या नोटांवर सॅनिटायझर मारत होतो. माझ्याकडे एक पोरगा डोळ्यांची आग घेऊन आला होता, एका काकांनी प्रेमानं 'सॅनिटाइझ' केलेला. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल 2020 मध्येच सांगितलेलं आहे.

मेस चालवणाऱ्या, पोळी-भाजी केंद्रं चालवणाऱ्या बायांचंही तेच. तेव्हा वसतिगृहं रिकामी, कचेऱ्या अर्ध्या, डबे तीसवरून आठवर आलेले. ज्या घरांत सगळेच आजारी होते त्यांना या बायांची सगळ्यात जास्त गरज होती आणि नेमकी हीच वेळ आपण त्यांना बंद करायला निवडली.

भीती कुठं जीव घेते

चुकीच्या जागी भीती बाळगली की नुसती गैरसोय होत नाही. एका सोमवारी 48 वर्षांचे एक गृहस्थ आले. सहा दिवसांपासून जुलाब, अंगदुखी, बारीक ताप. पहिल्या दिवसापासून त्यांची खात्री, की आदल्या संध्याकाळी आणलेली कचोरी बाधली. मेडिकलवाल्याकडून जुलाबाच्या गोळ्या घेतल्या, ताक-भात खाल्ला, हॉटेलवाल्याला शिव्या दिल्या. कचोरी बाधली तर माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्रास काढून मोकळा होतो. सहा दिवस ताप राहत नाही. माझ्यासमोर बसले तेव्हा ऑक्सिजन 84 होता. अकोल्याला बेड मिळेपर्यंत दुपार टळली. त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

कोरोनाची सुरुवात अनेकांना पोटापासून होते. जुलाब, मळमळ, भूक मरणं, तोंडाची चव जाणं. साथीच्या दिवसांत जुलाबासोबत ताप किंवा अंगदुखी असेल, तर पार्सलवर खापर फोडत बसू नका, त्याच दिवशी चाचणी करा. ऑक्सिजन मोजा आणि सहा मिनिटं घरात चालून पुन्हा मोजा. 94 च्या खाली गेला तर रात्र काढू नका.

त्याच कुटुंबाला मी विचारलं, घरात आणखी कुणाला त्रास? तर बायकोला खोकला, आईला ताप. सहा दिवस सगळे एका खोलीत, कूलरसमोर. पण घरात येणारी प्रत्येक पिशवी मात्र न चुकता सॅनिटायझरनं पुसली जात होती.

या पुसण्या-धुण्याचेही पेशंट तेव्हा यायचे. ब्लीचिंगच्या पाण्यात द्राक्षं भिजवून खाल्लेली एक मुलगी, निरम्यानं कोथिंबीर धुणाऱ्या एक आजी. आपलेच लोक असं करतात असं नाही. अमेरिकेत मे 2020 मध्ये 502 लोकांना विचारलं, तर त्यातल्या 19 टक्क्यांनी खाण्याच्या वस्तूंना ब्लीच लावल्याचं कबूल केलं. खाण्याच्या वस्तूला साबण, डेटॉल, सॅनिटायझर, फिनाईल काहीही लावायचं नाही. फळं-भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवा, तेवढं पुरे. आणि पिशवी सॅनिटायझरनं पुसून लगेच गॅसजवळ नेऊ नका. त्यात स्पिरिट असतं, भडका उडतो.

मग पार्सलमध्ये धोका नाहीच का?

आहे. पण तो जुनाच आहे, कोरोनाच्या आधीपासूनचा, आणि त्याला मात्र कुणी घाबरत नाही.

उन्हाळ्यात शिजवलेलं अन्न बाहेर राहिलं की त्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. साधारण 5 ते 60 अंशांच्या मध्ये त्यांची चंगळ असते, आणि आपलं स्वयंपाकघर एप्रिलमध्ये बरोबर त्या मध्यात असतं. म्हणून या दिवसांत पार्सल आलं की तासाभरात खा. 'तीन तास अंगणात ठेवून विषाणू मरू द्या' हा सल्ला जो पाळतो, तो नसलेला विषाणू मारतो आणि असलेले जिवाणू वाढवतो. भात, पनीर, दह्याची चटणी, अंड्याचे पदार्थ यांत हे लवकर होतं. काही जिवाणू अन्नात विष सोडतात, ते विष नंतर उकळूनही जात नाही. त्यामुळे 'गरम केलं की चालते' हे नेहमी खरं नसतं. आधीच ताप असलेल्या, साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला या काळात जुलाब-उलट्या लागल्या तर अंगातलं पाणी कमी व्हायला एक दिवस पुरतो.

दुसरं, वर्तमानपत्राचा कागद. भजी, आलुबोंडे, कचोरी तेलासकट पेपरात. शाई तेलात उतरते आणि पोटात जाते. अन्न पेपरात बांधायला कायद्यानं मनाई आहे, 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमांत ते स्पष्ट आहे. तरी सव्वा वर्षात मला हजारदा 'पार्सलवर कोरोना असतो का' विचारलं गेलं, 'पेपरात भजी खाऊ का' असं एकदाही नाही. गरम रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून रबर लावतात, तेही थांबायला पाहिजे. घरून स्टीलचा डबा पाठवा, हॉटेलवाले देतात भरून.

रोज बाहेरचं खा असं मी म्हणत नाही. तेल आणि मीठ जास्त असतं, बीपी आणि साखरेच्या पेशंटना ते मानवत नाही. पण हा वेगळा मुद्दा आहे, त्याला कोरोनाचा वेष चढवू नका.

साथीत पार्सल घ्यायचं असेल तर एवढं करा. फोनवर सांगा, शक्यतो घरपोच मागवा. दुकानावर जावंच लागलं तर तयार झाल्यावर जा, तव्यापुढे उभं राहून गप्पा नकोत. पैसे फोनवरून किंवा सुटे मोजून द्या. दार उघडण्याआधी तुम्ही मास्क लावा. पार्सल ओट्यावर ठेवायला सांगा, तो गेल्यावर उचला. जेवण आपल्या भांड्यात काढा, वेष्टन कचऱ्यात, मग साबणानं वीस सेकंद हात धुवा आणि गरम गरम खा. पिशवी पुसायची गरज नाही.

घरी पॉझिटिव्ह पेशंट असेल तर डबा फाटकाला अडकवून जायला सांगा. रिकामा डबा साबणाच्या पाण्यानं धुऊन परत करा; मेसवाल्या ताईंनी तो पुन्हा एकदा धुवावा, जसा त्या नेहमीच धुतात. घरात पेशंट वेगळ्या खोलीत असला तर त्याचं ताट त्याच्या दाराशी ठेवा. सोबत बसून जेवू नका, माया कितीही असली तरी.

गल्लीतल्या त्या गृहस्थांशी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोललो. वाद बराच झाला. शेवटी त्यांनी एक अट घातली, डबा देणाऱ्यानं फाटकाच्या आत यायचं नाही. मी म्हटलं, हे तर मी आधीपासून सांगतोय. मंगळवारपासून डबा सुरू झाला. बुधवारी काकूंचा फोन आला, काकांचा ऑक्सिजन 96, ताप उतरलेला. एक तक्रार होती फक्त.

"बाईची भाजी लई फिक्की लागते हो."

मी त्यांना सांगितलं, अजून पंधरा दिवस तरी कुणाच्याच भाजीला चव लागायची नाही, मेसवाल्या ताईंना काही बोलू नका.